कूस पालटण्याचे शास्त्र



या स्मृतिव्याख्यानासाठी कोणता विषय घ्यावा, असे मी चालकांना विचारले तेव्हा ‘विषय आपल्या व्यवसायातला असावा, पण आमच्या घरात उपयोगी पडावा’ एवढेच उत्तर मिळाले. मी आयुष्याची छत्तीस वर्षे प्रथम परिचारिका म्हणून आणि पुढे परिचारिकांची शिक्षिका म्हणून घालविली. या काळात मी जे काही शिकले आणि शिकविले, त्यात सर्वांत कमी प्रतिष्ठेचे आणि सर्वांत अधिक उपयोगाचे असे एकच काम मला दिसते. ज्याला स्वतःहून हलता येत नाही अशा माणसाला नीट निजविणे, वेळच्या वेळी कुशीवर वळविणे आणि इजा न होऊ देता उठवून बसविणे, हे ते काम.

हा विषय छाणीत मांडावा असे वाटण्याचे कारणही सांगते. आपली छाणी आता बडोद्याबाहेरचे गाव राहिलेली नाही. जकात नाक्यापासून इकडे सोसायट्या झाल्या आणि घरोघरची मुले पुण्याला, मुंबईला, त्याहून पुढे अमेरिका-कॅनडाला गेली. घरात उरतात ती दोन वृद्ध माणसे. त्यांपैकी एकाला अर्धांगाचा झटका येतो किंवा न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडते. रुग्णालय आपले काम करते आणि काही दिवसांनी रुग्णाला घरी पाठविते. सोबत औषधांची यादी असते. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, हे तिच्यात नीट लिहिलेले असते. पण या माणसाला रात्री दोन वाजता कोणी आणि कसे वळवायचे, हे त्या कागदावर बहुधा नसते. ते काम सत्तरीतल्या पत्नीकडे, सुनेकडे किंवा दिवसाच्या बोलीवर ठेवलेल्या बेनकडे येते. तिला ते कोणी शिकविलेले नसते. पंधरा-वीस दिवसांत माकडहाडापाशी कातडी लाल होते, मग काळवंडते, मग फुटते. आपण तिला शय्याव्रण म्हणतो, गुजराती शेजारी भाठां म्हणतात. ही जखम वरून रुपयाएवढी दिसते, पण आत हाडापर्यंत गेलेली असू शकते. तिच्यातून रक्तात जंतुदोष पसरला, तर झटक्यातून वाचलेला माणूस या जखमेने जातो. अशी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

हे काम किती दूरवर नेता येते, याचे आपल्या देशातले सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या परळ भागात घडले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथल्याच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. गळा आवळला गेल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि पंचविशीतल्या अरुणाताई कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्याच रुग्णालयाच्या चार क्रमांकाच्या वॉर्डालगतच्या खोलीत त्या १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेएकेचाळीस वर्षे होत्या. त्यांना भरविणे, पुसणे, वळविणे हे सारे तेथल्या परिचारिकांनी केले. पहिल्या पिढीच्या परिचारिका निवृत्त झाल्या, दुसऱ्या आल्या, आणि शेवटी शेवटी तर १९७३ साली ज्यांचा जन्मही झालेला नव्हता अशा मुली ते काम करीत होत्या.

दर दोन तासांनी कूस पालटायची हा वॉर्डातला सर्वमान्य नियम धरला, तर दिवसाला बारा वेळा होतात. साडेएकेचाळीस वर्षांचे पंधरा हजारांहून अधिक दिवस. हिशेब एक लाख ऐंशी हजारांच्या घरात जातो. प्रत्यक्षात किती वेळा वळविले याची मोजदाद कोणी ठेवलेली नसणार, पण कामाचा आवाका ध्यानात यावा म्हणून हा गुणाकार केला. अरुणाताईंना दयामरण द्यावे असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाले नाही, असे रुग्णालयाच्या वतीने न्यायालयापुढे सांगण्यात आले. ७ मार्च २०११ च्या निकालात तो अर्ज फेटाळला गेला. त्या निकालाची चर्चा दयामरणाच्या अंगाने पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न निघाला तेव्हा न्यायालयाने तो अर्जदार लेखिकेचा न मानता इतकी वर्षे रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. रोज हातापायाला हात लावणाऱ्याला त्या शरीराविषयी काही कळते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केले.

आता थोडे शास्त्र पाहू. शय्याव्रण का होते? आपल्या कातडीला रक्त पोचविणाऱ्या केशवाहिन्या अतिशय नाजूक असतात. त्यांच्यातला रक्ताचा दाब धमनीकडच्या टोकाला सुमारे ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, असे मोजमाप लँडिस या शास्त्रज्ञाने १९३० साली केले होते. हाड आणि गादी यांच्यामध्ये सापडलेल्या मांसावर याहून कितीतरी जास्त दाब पडतो. रक्त थांबते, पेशी उपाशी राहतात. धडधाकट माणसाला अशा वेळी अवघडल्यासारखे होते आणि तो झोपेतच कूस बदलतो. रात्रीतून किती वेळा बदलली हे सकाळी त्याला आठवतही नाही. अर्धांग झालेल्याला, मणका दुखावलेल्याला, गुंगीत असलेल्याला ही सूचनाच पोचत नाही, किंवा पोचली तरी अंग हलत नाही. अशा वेळी ते त्याचे वळणे आपण आपल्या हातांनी करायचे असते. माकडहाड, खुबा, टाच, घोटा, कोपर, खांद्याचे फरे आणि डोक्याची मागची बाजू या जागा रोज उघड्या करून पाहाव्यात. लालसर जागेवर बोट दाबून उचलावे. क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त अजून वाहते आहे. लाली तशीच राहिली तर इजेला सुरुवात झाली आहे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ही लाली दिसत नाही, हे परदेशी पुस्तके कित्येकदा विसरतात. तेथे आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा निळसर लागते का, हे हाताने पाहावे लागते.

दाबाइतकाच वाईट शत्रू म्हणजे ओढ. रुग्णाला बरे वाटावे म्हणून पाठीमागे चार उशा लावून आपण त्याला अर्धवट बसता करतो. हळूहळू तो खाली घसरतो. घसरताना चादरीला चिकटलेली कातडी जागच्या जागी राहते आणि आतले हाड खाली सरकते. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या आणि पिळल्या जातात. मग घरचा कोणी काखेत हात घालून त्याला फरफटत वर ओढतो आणि तीच इजा उलट दिशेने होते. म्हणून एरवी डोक्याकडची बाजू ३० अंशांहून जास्त उचलू नये. अपवाद जेवणाचा. भरविताना मात्र माणूस नीट उभा बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली हवी, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास तसेच ठेवायला हवे, नाहीतर घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन फुफ्फुसाला सूज येते. झोपल्या झोपल्या चमच्याने पाणी पाजणे हा आपल्याकडचा प्रेमाचा प्रकार मला नेहमी भीतिदायक वाटत आला आहे.

कुशीवर वळविणे म्हणजे पुरते आडवे करणे नव्हे. पूर्ण काटकोनात वळविले की सारा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि माकडहाड वाचविताना खुबा जातो. खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीमागे लांबट उशी किंवा लोड लावून अंग साधारण ३० अंश कलते ठेवावे. माकडहाडाखाली आपला हात सहज सरकला पाहिजे, ही परीक्षा. दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. पोटरीखाली अशी उशी द्यावी की टाच अधांतरी राहील. गुडघ्याखाली मात्र कायम उशी ठेवू नये. रुग्णाला तेवढ्यापुरते बरे वाटते, पण महिनाभरात गुडघा आखडतो आणि पुढे पाय सरळ होत नाही. अर्धांगाच्या बाजूवर निजविले तरी चालते, फक्त तो खांदा थोडा पुढे ओढून घ्यावा, म्हणजे सांध्याच्या टोकावर भार येत नाही.

सांधे आखडण्याविषयी येथेच सांगते. अरुणाताईंना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या अहवालात त्यांचे हातपाय आखडले असल्याची नोंद आहे. इतक्या अहोरात्र शुश्रूषेतही मेंदूच्या इजेमुळे स्नायू आपली ओढ सोडीत नाहीत, हे यावरून दिसते. म्हणून वळविण्याइतकेच सांधे हलविणेही महत्त्वाचे. खांदा, कोपर, मनगट, बोटे, खुबा, गुडघा, घोटा हे सारे दिवसातून निदान दोनदा, दुखणार नाही इतपत, सावकाश हलवावेत. पायांवरचे पांघरूण जड नसावे. जड गोधडीने पायाचा पंजा खाली दबतो आणि माणूस पुढे उभा राहू लागला तरी पाऊल जमिनीवर नीट टेकत नाही.

प्रत्यक्ष वळविण्याची रीत अशी. जुने सुती लुगडे चौघडी करून रुग्णाच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घालून ठेवावे. दोघे असतील तर दोहो बाजूंना उभे राहावे, लुगड्याच्या कडा रुग्णाच्या अंगालगत गुंडाळून मुठीत धराव्यात, त्याला काय करणार ते सांगावे आणि मोजून एका वेळी सरकवावे. असे केले की कातडी घासत नाही आणि काखेत हात घालून ओढावेही लागत नाही. लुगड्याखाली गुळगुळीत नायलॉनचे कापड दुहेरी घातले तर आणखी हलके जाते; ते नंतर आठवणीने काढून घ्यावे, नाहीतर माणूस पलंगावरून घसरायचा. एकटेच असाल, तर ज्या कुशीवर वळवायचे तिच्या उलट कडेला त्याला प्रथम सरकवून घ्या, म्हणजे वळल्यावर तो पलंगाच्या मध्ये येईल. मग ज्या बाजूला वळवायचे तेथे जाऊन उभे राहा. त्याचे हात छातीवर ठेवा, पलीकडचा गुडघा दुमडा आणि पलीकडच्या खांद्यावर व कमरेवर हात ठेवून आपल्याकडे वळवा. आपल्यापासून दूर ढकलू नये. पलीकडे अडवायला कोणी नसते. मान किंवा मणका दुखावलेल्या माणसाला मात्र हा नियम लागू नाही. त्याचे डोके, धड आणि पाय एका सरळ रेषेत ठेवून तीन-चार जणांनी एकदमच वळवायचे असते, आणि ते डॉक्टरांनी शिकविल्याखेरीज घरी करू नये.

मणका दुखावलेल्यांचे नाव निघाले म्हणून एक हकीकत सांगते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कमरेखाली लुळा पडलेला सैनिक फार काळ जगत नाही, असेच डॉक्टर धरून चालत. मूत्राचा जंतुदोष आणि शय्याव्रणे त्याला नेत. हिटलरच्या छळामुळे १९३९ साली इंग्लंडात आश्रयाला आलेले लुडविग गुटमन या डॉक्टरांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे अशा सैनिकांसाठी विभाग सुरू केला आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाला वळविण्याची शिस्त घातली. ते स्वतः रात्री वॉर्डात फेरी मारून ती पाळली जाते की नाही हे पाहत. माणसे जगू लागली, मग बसू लागली आणि १९४८ साली त्याच आवारात चाकाच्या खुर्चीतून धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरली. पॅरालिंपिकचा उगम तो. त्या परंपरेत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारा मराठी माणूसच होता. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पदकाचे छायाचित्र सर्वांनी पाहिलेले असते. अशा माणसांना सुरुवातीच्या महिन्यांत रात्रीबेरात्री वळविणाऱ्या हातांचे छायाचित्र सहसा कोणी काढीत नाही.

पलंगावरून खुर्चीत आणताना सर्वांत जास्त अपघात होतात. खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला, पलंगाला किंचित तिरपी लावावी. चाके अडकवावीत, पाय ठेवायच्या पट्ट्या वर कराव्यात. रुग्णाला कुशीवर वळवून, पाय खाली सोडून, काठावर बसवावे आणि तेथे काही मिनिटे थांबावे. पुष्कळ दिवस निजलेल्या माणसाचा रक्तदाब एकदम उठल्याने उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. घाई येथेच नडते. मग कमरेला रुंद सुती पट्टा बांधावा, आपला गुडघा त्याच्या दुबळ्या गुडघ्याला टेकवून आधार द्यावा, त्याला पुढे वाकायला सांगावे आणि पट्ट्याला धरून उठवावे. नाक पायाच्या बोटांच्या पुढे आले की बूड आपोआप उचलले जाते. आपल्या गळ्याला मिठी मारू देऊ नये. तो घसरला तर दोघेही जमिनीवर येतात. लुळा पडलेला हात धरून तर कधीच ओढू नये. तो खांदा स्नायूंच्या आधाराविना लोंबत असतो आणि एका हिसक्याने निखळतो. खुर्चीत बसल्यावर काम संपले असे नाही. तेथे सारा भार ढुंगणाच्या हाडांवर येतो, म्हणून दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकवून तो हलका करावा.

हे सारे करणाऱ्याच्या पाठीचे काय? आमच्या पिढीला ‘गुडघे वाका, पाठ ताठ ठेवा’ एवढेच शिकवीत. मी स्वतः ते शेकडो मुलींना शिकविले. पुढे संशोधनाने दाखविले की निव्वळ या शिकवणीने परिचारिकांची पाठदुखी थांबत नाही, कारण माणूस ही पेटी नव्हे. तो मध्येच वाकतो, घाबरतो, धरून बसतो. थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली सुचविलेल्या मर्यादेनुसार रुग्ण हलविताना एका व्यक्तीवर सुमारे १६ किलोहून जास्त भार येऊ नये. प्रौढ माणसाचा एक पायच कधी कधी एवढा भरतो. म्हणजे पासष्ट किलोच्या सासऱ्यांना एकटीने उचलणाऱ्या सुनेचे कौतुक करण्यापेक्षा तिला उचलूच न देणे हे शहाणपण आहे. पलंगाच्या पायांखाली खळगा असलेले लाकडी ठोकळे घालून गादी तिच्या कमरेच्या उंचीला आणता येते. खर्च थोडा, उपयोग रोजचा. मात्र रुग्ण स्वतः उठू पाहणारा असेल तर त्याच्यासाठी तेवढी उंची धोक्याची ठरते. तेथे उंची बेताची ठेवावी. जमिनीवरच्या गादीवर शुश्रूषा करणे मात्र, कोणी काहीही म्हणो, दोघांनाही हाल देणारे आहे. खाली पडलेल्या रुग्णाला एकट्याने उचलू नये. उशी द्यावी, पांघरूण घालावे, कुठे मोडले नाही ना ते पाहावे आणि शेजाऱ्यांना हाक मारावी.

काही जुन्या समजुती सोडून द्याव्यात. रबरी हवेची चकती माकडहाडाखाली देण्याची पद्धत मी कित्येक घरी अजून पाहते. तिच्या कडांचा दाब भोवतालचे रक्त अडवितो आणि मधली कातडी सुजते. लाल झालेली जागा जोरात चोळल्याने रक्त येत नाही, आतली इजा वाढते. स्पिरिटने कातडी कोरडी पडून भेगाळते. हवेच्या नळ्यांची विजेवर चालणारी गादी चांगली, पण ती घेतली म्हणून वळविणे थांबवायचे नसते; आणि वीज गेली की ती साधी गादीसुद्धा राहत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९-६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात शय्याव्रण हा बहुधा रोगाचा नव्हे, शुश्रूषेचा दोष असतो, असे मत मांडले. ते वाक्य आम्ही वर्गात शिकविले, पण घरच्या माणसांपुढे मी ते उच्चारीत नाही. आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, रक्तप्रवाहच मंदावला असता, सर्व काळजी घेऊनही जखम होते. त्या वेळी दर दोन तासांनी वळविल्याने वेदना होत असतील तर अंतर वाढवावे आणि उशा बदलून नुसता भार हलवावा. आधीच थकलेल्या सुनेला अपराधी ठरवून कोणाचे भले झालेले नाही. तिला दुसरे दोन हात मिळवून देणे हा खरा उपाय. माजी विद्यार्थी परदेशातून आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी पैसे पाठवितात, विचारपूसही रोज करतात. त्यांना माझी सूचना एवढीच की दूरध्वनीवर ‘औषधे घेतली का?’ या प्रश्नाबरोबर ‘आज टाचा आणि पाठ पाहिली का? रात्री कोण उठले होते?’ हेही विचारावे. आणि ठेवलेल्या बेनला पहिल्या दिवशीच एखाद्या जाणत्या परिचारिकेकडून दोन तास प्रत्यक्ष शिकवून घ्यावे.

पलंगाशेजारी भिंतीवर एक कागद लावावा. त्यावर वेळ, कूस डावी की उजवी की उताणी, आणि वळविणाऱ्याचे नाव, एवढे तीन रकाने पुरेत. व्याख्यानानंतर खालच्या वर्गात एक पलंग, चाकाची खुर्ची आणि जुनी लुगडी ठेवली आहेत. दहावीच्या विद्यार्थ्यांपैकी दोघे रुग्ण व्हायला तयार झाले आहेत. ज्यांच्या घरी आज असा रुग्ण आहे त्यांनी प्रथम यावे. वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे.